२२ कलाकार आणि एकच संध्याकाळ: क्रम कसा लावायचा (उत्तर लांब आहे, निवांत वाचा)

प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाला ७५ वर्षं होतायत, त्यानिमित्त फक्त गावातल्या नि आसपासच्या कलाकारांची एक संध्याकाळ करायचीय, कविता, गाणं, नाटक, चित्रं सगळं. हॉल १५० खुर्च्यांचा, हातात ४० हजार रुपये, आणि नावं आलीयत २२, म्हणजे ९ कवी, ६ गाणारे-वाजवणारे, ५ चित्रकार आणि २ नाटकाचे ग्रुप. सगळ्यांना कसं बसवू आणि कवितेला लोक उठून जातात ते कसं थांबवू, असं विचारलंय.

मी सांगली-मिरजेकडची, गेली १९ वर्षं असे कार्यक्रम उभे करतेय. सुरुवात नाटकाच्या विंगेत प्रॉपर्टी सांभाळण्यापासून झाली, मग लाइट, मग सगळा कार्यक्रमच हातात यायला लागला. त्यामुळे पुढे जे लिहितेय ते बघून, चुकून शिकलेलं आहे.

तुमचे दोन प्रश्न खरं तर एकच आहेत. लोक कवितेला उठत नाहीत हो, नवव्या कवीला उठतात. आधी साधा हिशोब करून बघा. २२ जणांना प्रत्येकी ८ मिनिटं दिली तर १७६ मिनिटं झाली. आता दोघांच्या मध्ये माइक खाली-वर करणं, निवेदकाची ओळख, हार्मोनियम सरकवणं, चपला काढून बैठकीवर चढणं यात कमीत कमी ३ मिनिटं जातात, म्हणजे २१ वेळा मिळून आणखी ६३. झाले जवळपास चार तास. यात दीपप्रज्वलन, अध्यक्ष, सत्कार अजून धरलेच नाहीयेत. साडेसहाला सुरू केलं तर शेवटचा माणूस अकराला उभा राहणार, आणि तो जो कोणी असेल त्याच्यावर अन्याय होणार हे आत्ताच ठरलेलं आहे.

हे मी डोळ्यांनी बघितलंय. २०१४ साली आमच्याच एका कार्यक्रमात १७ नावं घेतली होती, नाही कुणालाच म्हणवलं नाही. एक वयस्कर कवी, शेती करणारे, लांबून एसटीने आलेले, त्यांचा नंबर शेवटून दुसरा होता. ते उभे राहिले तेव्हा पावणेअकरा झाले होते आणि हॉलमध्ये अकरा माणसं होती, त्यातली तीन साउंडवाल्याची. त्यांनी चार कविता आणल्या होत्या, छान फुलस्केपवर लिहून. एक वाचली, बाकीचे कागद घडी करून खिशात ठेवले आणि "बरं, उशीर झालाय" म्हणून खाली उतरले. परतीची शेवटची गाडी तर गेलेलीच होती, त्यांना आम्ही मोटरसायकलवरून सोडलं. त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण तेव्हापासून मी यादी कापते. यादी न कापणं हा मोठेपणा वाटतो आपल्याला, पण त्याची किंमत कुणीतरी दुसराच देतो.

आता क्रम. इथे मला सगळ्यात जास्त शिकवलं ते नारदीय कीर्तनाने. विचार करा, एकच माणूस उभा आहे, तो ओव्या म्हणतो, गातो, पात्रं करतो, अडीच-अडीच तास लोक मांडी घालून बसतात. कसं जमतं? पूर्वरंगात निरूपण, म्हणजे जे ऐकायला डोकं लागतं ते आधी. मग मध्ये हार घालणं, बुक्का लावणं, तेवढ्यात लोक जरा हलतात, पाय मोकळे करतात. आणि उत्तररंगात आख्यान, म्हणजे गोष्ट, कारण दमलेलं मन गोष्टीला धरून राहू शकतं, विचाराला नाही. आपले बहुतेक आयोजक नेमकं उलटं करतात. आधी जोरदार गाणी "लोकांना बसवायला", मग नाटक, आणि मग उरलेल्या वेळात कविसंमेलन. तबल्याचा ठेका ऐकून झाल्यावर लगेच बारीक आवाजातली कविता कानाला लागतच नाही. तर कविता पहिली ठेवा, कान ताजे असताना. मग गाणं, मग मध्यंतर आणि चित्रं, मग नाटक शेवटी. माझ्याकडे गेली दहा वर्षं हाच क्रम आहे, आणि कवितेला उठणारी माणसं जवळपास थांबलीयत.

हां, हे परिस्थितीवर अवलंबून आहे ते पण सांगते. तुमचा हॉल बंदिस्त आहे असं धरून मी बोलतेय. कार्यक्रम अंगणात किंवा मांडवात असेल तर कविता पहिली ठेवून चालणार नाही, कारण साडेसहाला रस्त्यावरची वर्दळ, मुलांचा गलका सगळं असतं, तिथे आधी एखादं वाद्य वाजू दे आणि जरा अंधार पडला की कविता घ्या. हॉलला पत्र्याचं छत असेल तर जून ते सप्टेंबर विसरून जा, एक सर आली की माइक असून काही ऐकू येत नाही. गावची जत्रा, दहावी-बारावीच्या परीक्षा, लग्नाच्या तिथी बघून तारीख धरा. आणि हॉलमध्ये एकदा रिकाम्या वेळी जाऊन टाळी वाजवा, आवाज घुमत राहिला तर भिंतींवर जाड पडदे किंवा चादरी सोडा, खाली सतरंजी घाला. पंखे सुरू असताना पण ऐकून बघा, जुन्या पंख्यांच्या घरघरीत कवितेची शेवटची ओळ हमखास जाते, आणि कवितेत तर सगळं शेवटच्या ओळीतच असतं पुष्कळदा.

कवी चारच घ्या. प्रत्येकाला सहा-सात मिनिटं, म्हणजे तीन कविता, आणि त्या कुठल्या ते आधी कळवायचं. चौघांना स्टेजवर रांगेत खुर्च्यांवर बसवू नका, कारण एक जण वाचतो तेव्हा बाकीचे आपापला फोन चाळतात आणि प्रेक्षक त्यांच्याकडेच बघत बसतात. पहिल्या ओळीत बसू दे, नंबर आला की वर. वाचायला म्युझिक स्टँड द्या आणि कविता मोठ्या अक्षरात कागदावर छापून द्या, फोनवरून वाचलं की चेहऱ्यावर निळा उजेड येतो आणि मान खाली राहते, आवाज माइकच्या खालून निघून जातो. निवेदकाला एकच नियम, कवितेचा अर्थ सांगायचा नाही. नाव, गाव, काय काम करतो, बस. आमच्याकडे एक कवयित्री गुऱ्हाळावर काम करायच्या, निवेदिकेने तेवढं एक वाक्य सांगितलं आणि हॉल असा शांत झाला की मला विंगेत अंगावर काटा आला.

गाण्याकडे येते. सहा जण आहेत तर सगळे सुटे सुटे गायला नकोत, दोन गायक आणि पेटी, तबला, तंबोरा असा एक संच करा, बासरी-बिसरी असेल तर त्यातच एक तुकडा. करावके ट्रॅकवर, म्हणजे साथीच्या तयार रेकॉर्डिंगवर, मी गाणं घेत नाही, माझं मत स्पष्ट आहे. गावात जिवंत तबलजी असताना पेनड्राइव्ह लावायचा म्हणजे त्या माणसाची संध्याकाळ आपण काढून घेतो, आणि ट्रॅक हे कुणाचं तरी रेकॉर्डिंग असतं त्यामुळे त्याच्या परवान्याचा प्रश्न वेगळाच उभा राहतो. दोन्ही गायकांचा सूर आधी विचारून घ्या. एकाचा सूर काळी एक आणि दुसऱ्याचा काळी चार (पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरून सुराची ही नावं) असं असेल तर दोन तबले आधीच त्या त्या सुरात जुळवून ठेवावे लागतात, नाहीतर मध्येच हातोडी घेऊन पाच-सात मिनिटं ठोकाठोक होते. दमट हवेत पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, सैल पडते, सूर उतरतो, लाइटखाली तापली की चढतो, म्हणून तबला ग्रीनरूममध्ये नाही, शक्यतो स्टेजवरच्या हवेतच अर्धा तास आधी ठेवून मिळवायचा.

यात आम्ही एक गोष्ट केली ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. मिरजेत तंबोरे बनवणारे कारागीर आहेत, पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करतायत, मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यातल्या एका कारागिराला आम्ही कविता आणि गाण्याच्या मध्ये स्टेजवर बसवलं. त्यांनी तंबोरा मिळवला, पण लोकांसमोर, सांगत सांगत. आधी तार नुसती छेडली, मग घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवला, आणि एका जागी आल्यावर तो सपाट आवाज एकदम उघडला, गुंजायला लागला. जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा आवाज, काय असते ते दीडशे माणसांना सात मिनिटांत कळलं. लहान मुलं उठून पुढे आली होती. जो वेळ एरवी "कलाकार वाद्यं जुळवत आहेत, कृपया शांतता राखा" म्हणून वाया जातो तोच कार्यक्रमातला सगळ्यात आठवणारा भाग झाला. तुमच्या गावात तंबोरेवाला नसेल, पण ढोलकी मढवणारा असेल, बँडमधला क्लॅरिनेटवाला असेल, मूर्तिकार असेल. स्थानिक कलाकार म्हणताना आपण या लोकांना मोजतच नाही, ते मोजा.

चित्रांचं काय होतं की ती बिचारी बाहेर व्हरांड्यात लागतात, जिथे चपला काढतात तिथे, आणि लोक चहा पिता पिता पाठ करून उभे राहतात. आपल्या भागाला हे शोभत नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत नाटक उभं केलं, त्यानंतर संगीत नाटकांच्या जमान्यात गाणं, पद्य, अभिनय आणि चित्रकला हे सगळं एकाच स्टेजवर असायचं, कारण मागचा पडदा रंगवलेला असायचा. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळायच्या आधी नाटक कंपन्यांचे पडदेच रंगवत होते. म्हणजे चित्रकार हा नाटकाच्या संध्याकाळचा पाहुणा नव्हता, घरातलाच होता. मग आपणच त्याला व्हरांड्यात का बसवायचं?

मी दोन गोष्टी करते. एक, व्यक्तिचित्राचं प्रात्यक्षिक. कोल्हापूर-सांगलीकडे ही पद्धत आहेच, माणूस समोर बसवून चित्रकार तास-दीड तासात चित्र करतो. स्टेजच्या एका कोपऱ्यात, स्वतंत्र पांढऱ्या लाइटखाली, कवितेपासून गाण्यापर्यंत हे चालू राहतं. कुणी त्यावर बोलायचं नाही, माइकवरून सांगायचं नाही, लोकांचं लक्ष आपोआप अधूनमधून तिकडे जातं आणि परत येतं. समोर बसवायला गावातलं असं माणूस शोधा जे कधी स्टेजवर दिसत नाही. आम्ही एका निवृत्त रंगभूषाकाराला बसवलं होतं, ज्यांनी तीस वर्षं दुसऱ्यांचे चेहरे रंगवले त्यांचा चेहरा कुणीतरी रंगवतंय, मध्यंतरात त्यांच्या बायको त्या चित्रासमोर किती वेळ उभ्या होत्या. एक काळजी घ्या, तैलरंग नको. २०१७ मध्ये टर्पेंटाइनच्या वासाने आमच्या गायिकेचा घसा धरला आणि पुढचा अर्धा तास तिने कसाबसा काढला. जलरंग, चारकोल किंवा पेस्टल घ्यायला सांगा. आणि चित्र मध्यंतरापर्यंत संपलं पाहिजे, कारण नंतर नाटकाला ब्लॅकआउट, म्हणजे पूर्ण अंधार, लागणार आणि तो कोपरा बंद करावा लागणार.

दुसरं, बाकीच्या चौघांची चित्रं हॉलच्या आत, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५ फुटांवर येऊ दे, सगळी एका रेषेत, आपल्याकडे फार वर टांगतात. लाइट सरळ समोरून मारला तर काचेवर चकाकतो, म्हणून वरून तिरका, उभ्या रेषेशी ३० अंशांच्या आसपास. स्टेजचे रंगीत लाइट (ज्यांना पार, PAR म्हणतात ते) चित्रांवर सांडू देऊ नका, लाल उजेडात लाल रंग कागदात विरघळून जातो आणि निळा काळा दिसतो, चित्रकाराने महिनाभर केलेलं काम तिथेच मरतं. खाली चिठ्ठीवर नाव, माध्यम आणि किंमत लिहा. किंमत लिहायला चित्रकार लाजतात, लिहायला लावा. मध्यंतर २० मिनिटांचं ठेवा आणि चहा हॉलच्या आतच द्या, म्हणजे लोक बाहेर पांगत नाहीत, भिंतीभिंतीने फिरतात.

नाटकाचे दोन ग्रुप आहेत, त्यातला एकच घ्या, ३५ मिनिटांच्या आतली एकांकिका, नेपथ्य दोन लेव्हल (म्हणजे उंच चौथरे) आणि एक बाक इतकंच. दुसऱ्या ग्रुपला पुढच्या वर्षीचं आत्ताच कबूल करा किंवा त्यांच्यातल्या कुणाला कवितेनंतर पाच मिनिटांची नाट्यछटा, म्हणजे एकट्याने करायचा छोटा प्रवेश, द्या. कागदपत्रांचं लवकर बघा, संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र लागतं, एकांकिका असली तरी लागतंच असं धरून चाला, आणि पोलिस स्टेशनला अर्ज. हौशी मंडळाने विनातिकीट प्रेक्षकांसमोर प्रयोग केला तर कॉपीराइट कायद्यात सवलत आहे, तिकीट लावलं की गेली. मी तरी तिकीट असो नसो, लेखकाला फोन करतेच, त्याला आपलं नाटक कुठे होतंय हे कळलं पाहिजे. रात्री १० नंतर लाउडस्पीकर उघड्यावर चालत नाही, बंदिस्त सभागृहाला तो नियम तसा लागू नाही, पण तुम्ही तोपर्यंत थांबूच नका.

म्हणजे वेळापत्रक असं होतं: ६ ला दारं उघडायची, ६:३० ला समई, पाच मिनिटांत अध्यक्ष, ६:४० ला कविता, ७:१० ला नाट्यछटा किंवा वाद्याचं प्रात्यक्षिक, ७:२० ला गाणं, ८ ला मध्यंतर, ८:२० ला एकांकिका, ९ च्या आत माणसं बाहेर. अध्यक्षांचं भाषण शेवटी ठेवायचा मोह आवरा, नाटक संपल्यावर कुणीही बोलू नये. सत्कार, शाल-नारळ सगळं ग्रीनरूममध्ये किंवा मध्यंतरात. गुच्छांऐवजी ते पैसे मानधनात घाला.

पैशांचं म्हणाल तर गेल्या डिसेंबरात आमचे असे गेले: साउंड ९ हजार, लाइट ५, तबला-पेटीच्या साथीदारांना मिळून ६, नाटकाला ५, चित्रं टांगायचं सामान आणि टेम्पो ३, चहा-वडे ५, आणि चार कवींना ५००-५०० प्रमाणे २ हजार. झाले ३५. उरलेले ५ हाताशी ठेवा, जनरेटर लागला तर. कवीला ५०० रुपये म्हणजे काहीच नाही हे मलाही कळतं, पण पाकिटावर नाव लिहून दिलं की त्याला कळतं की आपलं वाचन हे काम म्हणून धरलंय. आमच्याकडे साथीदाराचे पैसे नंतर देऊ म्हणायची सवय आहे फार, ती तेवढी लावून घेऊ नका, वाजवून उठला की हातात पाकीट.

आता राहिला अवघड भाग, पाच कवींना नाही कसं म्हणायचं. ग्रुपवर यादी टाकून नाही. प्रत्येकाला फोन, शक्य असेल तर घरी जाऊन. त्यांची एक एक कविता शाळेच्या ड्रॉइंगच्या सरांकडून मोठ्या कागदावर सुंदर अक्षरात लिहून घ्या आणि चित्रांच्या रांगेतच लावा, खाली कवीचं नाव. हे समजूत काढायला म्हणून करू नका, खरंच नीट करा, कारण काही कविता ऐकण्यापेक्षा उभ्याने वाचायला चांगल्या असतात आणि लोक थांबून वाचतात, फोटो काढून घरी नेतात. जे लांबून येणार आहेत, ज्यांची शेवटची गाडी आहे, त्यांचा नंबर पहिला लावा, नाव कितीही लहान असलं तरी. निवडताना ओळखीचा कोण हे बघू नका, कविता मागवा, नाव झाकून दोघा-तिघांना वाचायला द्या.

रंगीत तालीम पूर्ण नाही जमली तरी चालेल, पण सांध्यांची तालीम आदल्या दिवशी कराच. म्हणजे कुणी पूर्ण गायचं-वाचायचं नाही, फक्त शेवटची ओळ, मग उतरणं, माइक हलवणं, पुढच्याने चढणं, पहिली ओळ. घड्याळ लावून. तासाभरात होतं आणि तिथेच कळतं की बैठक आणि म्युझिक स्टँड एकमेकांच्या आड येतायत.

हॉलचा एक फोटो आणि ती २२ नावांची यादी (नावं नको, कोण काय करतं आणि कुठून येणार एवढंच) इथे टाका, स्टेजची लांबी-रुंदी पण फुटात लिहा. बघून बैठक कुठे, चित्रकार कुठे ते सांगते.